मेलबर्नच्या सेलिब्रंट बाई: पाचपैकी साडेचार

आधी हिशेब सांगते, म्हणजे घाईत असलेल्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल. लग्न लावणाऱ्या बाईंची फी साडेआठशे ऑस्ट्रेलियन डॉलर, म्हणजे आपले पन्नास हजारांच्या आतबाहेर. त्यात दोन भेटी, बागेतली रंगीत तालीम, कायद्याचे सगळे कागद, प्रत्यक्ष लग्न आणि नंतर नोंदणीला कागद पाठवणं आलं. पाचपैकी साडेचार तारे. अर्धा कशाचा कापला ते पुढे येईलच. जेवणवाल्यांना दोन, तेही अळूवडीमुळे.

बाईंचं नाव लिहीत नाही, कारण त्यांना विचारलेलं नाही. विचारल्याशिवाय कुणाचं नाव कागदावर घालायचं नाही ही माझी नोकरीतली सवय. एकतीस वर्षं विवाह नोंदणीच्या कार्यालयात काढली, वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झाले. जिल्हाही सांगत नाही. 1954 चा विशेष विवाह कायदा माझा पाठ आहे, इतका की माझे यजमान म्हणायचे, हिला झोपेत कलम विचारा. तेव्हा हा अभिप्राय वऱ्हाडी म्हणून कमी आणि त्याच धंद्यातली बाई म्हणून जास्त आहे. लोक लग्नात साड्या बघतात, मी रकाने बघते.

लग्न माझ्या भाच्याचं. थोरल्या बहिणीचा एकुलता एक मुलगा, कराडचा, मेलबर्नला शिकायला गेला आणि तिथेच राहिला. नवरामुलगा तिथलाच, सहा फूट चार इंच, शाळेत गणित शिकवतो. दोघं नऊ वर्षं एकत्र राहतात. घरात हे कळून सहा वर्षं झाली आणि घराने ते कळलेलं नाही असं वागूनही सहाच. मग त्याने तारीख कळवली. ताई म्हणाली, मी जाणार. दाजी काहीच म्हणाले नाहीत. शेवटी ताई आणि मी गेलो. दाजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे असं आम्ही गावात सगळ्यांना सांगितलं. गुडघा ठणठणीत आहे, रोज कृष्णाबाईच्या घाटावर जाऊन येतात.

तिकडे सेलिब्रंट म्हणून एक प्रकार असतो. आपल्याकडे भटजी लावतात किंवा विवाह अधिकारी लावतो. तिकडे सरकारने अधिकार दिलेली साधी नागरिक माणसं लग्न लावतात, देवळात, बागेत, समुद्रावर, कुणाच्या परसात, कुठेही. लायोनेल मर्फी नावाचे ॲटर्नी जनरल होते, त्यांनी 1973 मध्ये ही सोय सुरू केली. आता तिथली दहातली आठ लग्नं अशीच लागतात. मला ही कल्पना इतकी आवडली की वाटलं, आपल्याकडे असती तर मी निवृत्तीनंतर हेच केलं असतं. एकतीस वर्षांत मी हजारो लग्नांचे कागद हाताळले, पण एकाही जोडप्याला त्यांची गाठ कशी पडली हे विचारलं नाही. रांग असायची मागे.

आमच्या बाई साठीच्या असतील. करडा सुती कोट, पिवळ्या चपला, पांढरे केस मुलासारखे कापलेले. पहिल्या भेटीला आम्ही नव्हतो, ती भारतातून निघायच्या आधीच झालेली. तिथेही आपल्यासारखीच महिन्याची नोटीस द्यावी लागते. हे ऐकून मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. पण फरक असा की ती नोटीस बाईंच्या फायलीत राहते. भिंतीवर लागत नाही.

आमच्याकडे लागायची. काचेचं दार, आत हिरवं कापड, त्यावर टाचण्यांनी नोटिसा. नाव, वय, पत्ता, फोटो. तीस दिवस. कायदाच आहे तसा, कुणाला हरकत घ्यायची असेल तर घेता यावी म्हणून. एक गृहस्थ दर सोमवारी येऊन त्या फळ्यावरचे पत्ते वहीत उतरवून नेत असत. कशासाठी ते मी कधी विचारलं नाही. दोनदा मात्र असं झालं की त्यानंतर आठवड्याभरात मुलीकडचे लोक जीप घेऊन कार्यालयाच्या आवारात उभे राहिले. मी साहेबांना सांगितलं होतं, फळ्याला निदान कुलूप घाला. घातलं. काचेतून वाचता येतंच की.

तर बाईंची नोटीस फायलीत. शिवाय तिथे एक नियम मला फारच पसंत पडला. लग्नाआधी सेलिब्रंटने दोघांनाही वेगवेगळं, एकटं भेटलंच पाहिजे, 2024 पासून सक्तीचं आहे. राजीखुशीने आहे ना, कुणाचा दाब नाही ना, हे बघायला. गुरुवारी रंगीत तालीम होती, तेव्हा बाई भाच्याला घेऊन लांबच्या बाकावर जाऊन बसल्या. पाच-सात मिनिटांनी तो परत आला.

"काय विचारलं रे?"

"कुणी जबरदस्ती तर करत नाही ना, म्हणाल्या."

"मग तू?"

"म्हटलं मावशी, इतकी वर्षं सगळ्यांनी उलट्या बाजूने केली."

आम्हीही विचारायचो मुलींना, स्वखुशीने ना? पण काउंटरवर, आठ माणसं कोंडाळं करून उभी असताना. मुलगी मान हलवायची. मी पुढचा कागद घ्यायचे.

आता दाजींच्या नावाची गोष्ट, कारण माझ्या लेखी बाईंचे चार तारे तिथेच पक्के झाले.

तालमीच्या दिवशी मी बाईंना म्हटलं, कागद बघू का? भाचा कानकोंडा झाला. पण बाईंनी हसून फाइल पुढे केली आणि मी काय काम करायचे ते कळल्यावर तर खुर्चीच माझ्याजवळ ओढली. मी चष्मा लावला. त्यांच्या नोटिशीच्या फॉर्मवर वर आणि वधू असे छापील रकाने नाहीत. पक्ष एक, पक्ष दोन. खाली प्रत्येकाला तीन चौकटी: वर, वधू किंवा जोडीदार, जे हवं त्यावर खूण करा. दोघांनीही 'वर'वर खूण केलेली. एका कागदावर दोनदा वर. मी तो रकाना जरा जास्तच वेळ बघत बसले असणार, कारण बाईंनी विचारलं, काही चुकलंय का?

चुकलं नव्हतं. मला एक दुपार आठवली होती. 2012 चा सुमार. जेवणाची सुट्टी संपलेली, मी डबा धुऊन जागेवर येत होते. काउंटरवर दोन मुली. पंचविशीच्या, एकीच्या खांद्याला लॅपटॉपची बॅग. म्हणाल्या, लग्नाच्या नोटिशीचा फॉर्म हवाय. मी फॉर्म काढता काढता नेहमीचा प्रश्न विचारला, "मुलगा कुठाय?" बॅगवाली म्हणाली, "आम्हीच दोघी." मला वाटलं थट्टा करतायत. मग वाटलं, नाही. फॉर्म हातात होता तो दिला. मागितला की द्यायचा, एवढंच मला कळत होतं. तिने तो काउंटरवरच वाचला. 'वर' या शब्दावर बोट ठेवून म्हणाली, "आणि इथे?" मी म्हटलं, "तिथे मुलाचं नाव." माझ्या शेजारचा लिपिक हसला. मी हसले नाही, पण त्याला गप्पही केलं नाही. तिने फॉर्मची व्यवस्थित चौघडी घातली, पर्समध्ये ठेवली, थँक्यू मॅडम म्हणाली आणि दोघी गेल्या. 17 ऑक्टोबर 2023 ला समलिंगी लग्नांच्या याचिकांवर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, पाचही न्यायमूर्तींनी लग्नाचा मूलभूत हक्क नाही म्हटलं आणि विशेष विवाह कायदा आहे तसाच राहिला, त्या दिवशी मला पहिल्यांदा आठवली ती चौघडी. टीव्हीवर सगळे निकालाबद्दल बोलत होते, आणि मी मनात म्हणत होते, अहो, तो आमचा कायदा आहे, आमच्या काउंटरवरचा.

असो. मी बाईंना म्हटलं, नाही, हे बरोबर आहे. आणि पुढच्या रकान्यात खरोखरची चूक सापडली. आईवडिलांची पूर्ण नावं. दाजींच्या नावात इंग्रजीत एक व्ही येतो आणि एक डब्ल्यू. फॉर्मवर दोन्हीकडे व्ही. मी बोट ठेवलं. भाचा म्हणाला, जाऊ दे ना मावशी, कोण बघतंय. बाई मात्र ताठ बसल्या. म्हणाल्या, लग्न लागायच्या आधी दुरुस्त करता येतं, नंतर फार त्रास होतो, खात्री करून सांगा. हे ऐकून मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. 'कोण बघतंय' या दोन शब्दांनी आयुष्यभर माझं डोकं उठवलंय. पासपोर्ट अडले की तेच लोक रडत येतात.

खात्री करणार कुणाकडून? तिकडे दुपारचे साडेबारा, म्हणजे आपल्याकडे सकाळचे सात. दाजी चहा घेत असणार. ताईने फोन माझ्या हातात दिला आणि स्वतः काचघरातली फुलं बघायला निघून गेली.

"दाजी, तुमच्या नावाचं स्पेलिंग सांगा."

"कशाला?"

"फॉर्मवर घालायचंय."

बराच वेळ काही नाही. मागे रेडिओ लागलेला ऐकू येत होता.

"दुसरा डब्ल्यू आहे," दाजी म्हणाले. "शाळेच्या दाखल्यापासून डब्ल्यू आहे. पेन्शनच्या कागदावर पण डब्ल्यू."

"बरं."

"बरं," म्हणाले आणि ठेवून दिला.

बाईंनी व्ही खोडून डब्ल्यू केला, बाजूला छोटी सही केली. एवढ्यात फोन परत वाजला. दाजीच. "आणि मधलं नाव पूर्ण लिहा म्हणावं. नुसतं अक्षर घालतात हे लोक."

पूर्ण लिहिलं.

लग्न शनिवारी दुपारी, फिट्झरॉय गार्डन्समध्ये. शहराच्या मधोमध जुनी बाग, एल्मच्या झाडांची दुतर्फा रांग, 1930 सालचं काचघर. मार्च म्हणजे तिकडे शरद ऋतू नुकता लागलेला, पानं पिवळी पडायला लागलेली. बागेची वेळ महापालिकेकडून घ्यावी लागते. आम्हाला साडेतीन ते साडेपाच मिळाली, तोच मुहूर्त. ताईने पंचांग सोबत आणलं होतं, पण उघडलं नाही. मेलबर्नची हवा मात्र कुठल्याच पंचांगात बसत नाही. सव्वातीनला ऊन, साडेतीनला वारा, पावणेचारला चार थेंब, मग परत ऊन, आणि नऊवारीतली ताई नवऱ्यामुलाच्या बहिणीचा लोकरी कोट घालून उभी.

गुरुजी ठरले होते. आठवड्यापूर्वी त्यांनी कळवलं की त्या दिवशी दुसरीकडे वास्तुशांत आहे. असेलही. बाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी विचारलं, तुम्हाला त्यातलं काय काय हवंय? ताई म्हणाली, अंतरपाट, मंगलाष्टकं, अक्षता. बस्स. मग मंगलाष्टकं कोण म्हणणार? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. विमानात मोकळा वेळ होता म्हणून दोन कडवी मी स्वतः रचून ठेवली होती, कशाला ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं. शेवटच्या ओळीत सवयीने 'वधूवरां' पडलं होतं. तिथे 'उभयवरां' केलं. एक अक्षर जास्त होतं, शार्दूलविक्रीडितात बसत नाही. पण भरभर म्हटलं की वृत्तवाल्यांखेरीज कुणाला कळत नाही.

बाईंनी हे सगळं आपल्या क्रमात कुठे बसवायचं ते कागदावर आखून घेतलं. कायद्याने म्हणायचीच अशी दोन वाक्यं आहेत, ती सोडून बाकी सगळं तुमचं, म्हणाल्या. आमच्या आडनावात ळ आहे. तो त्यांनी भाच्याकडून मोबाइलवर म्हणवून घेतला आणि घरी घोटला. शनिवारी त्यांनी पूर्ण नाव घेतलं तेव्हा ळ असा खणखणीत आला की ताई कोटातून बाहेर बघायला लागली. नवरामुलगा नऊ वर्षांनंतरही ल म्हणतो.

सुरुवातीला थोडं लांबलं. दोन मैत्रिणींनी कविता वाचल्या, त्यातली एक संपतच नव्हती. बाई आमच्या बाजूला वळून तीनदा हात जोडून नमस्ते म्हणाल्या. एकदा पुरलं असतं. मग त्यांनी कागद बाजूला ठेवला, दोन्ही पाय नीट रोवले आणि ते वाक्य म्हटलं. कायद्यातलं कलम 46. मला लग्न लावण्याचा अधिकार कायद्याने दिलेला आहे, तुम्ही ज्या नात्यात जाताय ते गंभीर आहे आणि बांधून घेणारं आहे, आणि ऑस्ट्रेलियाच्या कायद्यानुसार विवाह म्हणजे दोन व्यक्तींचं, इतर सर्वांना वगळून, स्वेच्छेने, आयुष्यभरासाठी केलेलं मीलन.

'दोन व्यक्तींचं' म्हणताना त्या थांबल्या. फार नाही, एक श्वास. लग्न लागल्यावर मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, ती माझी सवय झालीय. त्या 2006 पासून हे काम करतात. 1961 च्या कायद्यात त्या जागी 'एक पुरुष आणि एक स्त्री' होतं, आणि सेलिब्रंटला ते मोठ्याने म्हणावंच लागायचं. 2004 मध्ये तिथल्या सरकारने व्याख्येतही तेच पक्कं करून टाकलं. बाई सांगत होत्या, समोर खुर्च्यांवर बसलेल्यांत नवरीचा भाऊ असायचा, शेजारी त्याचा जोडीदार, आणि मी त्यांच्या तोंडावर ते वाक्य म्हणायचे. अकरा वर्षं म्हटलं. मग 9 डिसेंबर 2017 ला शब्द बदलले. महिन्याच्या नोटिशीमुळे बहुतेकांची लग्नं 9 जानेवारीपासून लागायला लागली. त्यांचं पहिलं जोडपं दोघी सत्तरीच्या बायका होत्या, आणि 'दोन व्यक्तींचं' म्हणताना बाईंनाच बोलवेना. तेव्हापासून तिथे थांबतात. मुलगा-मुलगी असली तरी थांबतात.

मी विचारलं, तुमचं मत घेतलं का कुणी, बदलताना? तर म्हणाल्या, सगळ्यांचंच घेतलं, तीच तर कटकट. 2017 मध्ये पोस्टाने देशभर प्रश्न पाठवला होता, बदल व्हावा की न व्हावा, हो किंवा नाही. सव्वा कोटीहून जास्त लोकांनी उत्तर दिलं, 61.6 टक्के हो. भाच्याला तो लिफाफा आलाच नव्हता, तेव्हा तो नागरिक नव्हता. त्याचं लग्न व्हावं की नाही हे टपालवाटपात ठरत होतं आणि तो पेटी उघडून दुसऱ्याचा लिफाफा बघत होता. नवऱ्यामुलाची आजी, अठ्ठ्याऐंशी वर्षांची, मला जेवताना सांगत होती की तिने आला त्याच दिवशी भरून पाठवला, कारण चष्मा सापडलेला होता आणि परत हरवायच्या आत काम उरकायचं होतं. आजी अळूवडी केकच्या काट्याने खात होत्या. चार खाल्ल्या.

तर अंतरपाट. ताईने तिच्या लग्नातलं उपरणं आणलेलं, दाजींचं. ते धरायला नवऱ्यामुलाचे दोन भाऊ, तेही तेवढेच उंच. त्यामुळे उपरण्याच्या वर त्या बाजूने सहा फूट चार इंच सहज दिसत होतं, आणि आमच्या बाजूने भाच्याची शेंडीही नाही. "शुभमंगल" मी उचललं आणि दुसऱ्याच ओळीला बाईंचा छोटा स्पीकर बंद पडला. बॅटरी. हा तो अर्धा तारा. ज्या बाई एक अक्षर तपासून घेतात त्यांनी स्पीकर चार्ज करून आणू नये? बाजूच्या वेलिंग्टन परेडवरून ट्राम गेली तिच्यात माझं पहिलं कडवं गेलं. दुसरं मी गळा काढून म्हटलं. 'उभयवरां'ला मागच्या रांगेतल्या मराठी मुलामुलींनी शिट्ट्या मारल्या, तेव्हा शेवटच्या ओळीपर्यंत आवाज पोचला असं धरून चालते.

अक्षतांची अडचण बाईंनी आधीच सांगितली होती, बागेत तांदूळ पसरायचे नाहीत. मी दोघांच्या पायाखाली डबल बेडची चादर अंथरली. सगळ्यांनी टाकल्या त्या चादरीत पडल्या, चादर चारी टोकांनी उचलली, काम झालं. तीच चादर घरी झटकली तेव्हा त्यात अक्षता, दोन एल्मची पानं आणि नवऱ्यामुलाच्या कोटाचं बटण.

मग सह्या. घडीचं टेबल, त्यावर वाऱ्याने उडू नये म्हणून चारी कोपऱ्यांवर गुळगुळीत दगड, हे बाईंनी बरोबर आणले होते. तीन प्रती. आमच्याकडे विशेष विवाहाला तीन साक्षीदार लागतात, त्यांना दोन. एक आजी, आणि भाचा म्हणाला दुसरी मावशी. आयुष्यभर मी साक्षीदारांना "इथे करा, इथे, नाही हो, या रेघेवर" म्हणत आले. साक्षीदार म्हणून माझी ही पहिलीच सही. हात हलला. रेघेच्या जरा वर गेली. सही मराठीत केली, बाईंनी खाली नाव छापील अक्षरात मागितलं, ते दिलं. एक देखणी प्रत दोघांना तिथेच मिळते, पण पासपोर्टसाठी किंवा नावाच्या बदलासाठी ती चालत नाही. त्यासाठी नोंदणी कार्यालयाचा दाखला वेगळा मागवावा लागतो. बाईंनी हे तीनदा सांगितलं. चौथ्यांदा मी सांगितलं.

भारतात त्या दाखल्याचं काय, हे मला तिथे दोघा-तिघांनी विचारलं, बहुधा माझ्या नोकरीमुळे. परदेशातल्या लग्नांसाठी आपला 1969 चा वेगळा कायदा आहे. तोही त्या 2023 च्या याचिकांमध्ये होता, त्यातही काही बदललं नाही. म्हणजे विमानतळावर उतरलं की भाचा पुन्हा अविवाहित. हे मी त्याला सांगितलं नाही. त्याला माहीतच आहे, पोस्टाच्या लिफाफ्यापासून तो हे सगळं वाचत आलाय.

जेवण एका हॉलमध्ये. तिथलेच एक मराठी केटरर, त्यांचंही नाव नको. नव्वद पानांचं सांगितलेलं. मसालेभात छान, वर खोबरं-कोथिंबीर सढळ. अळूवडी खरोखर उत्तम, पातळ, कुरकुरीत, चिंचगूळ बेताचा. पण मठ्ठा सत्तराव्या माणसाला संपला, जिलब्या थंड आणि चामट, आणि पुऱ्यांसाठी लोक अर्धा तास ताटं धरून उभे. वाढणाऱ्या गृहस्थांनी ताईला विचारलं, "मुलाची आई का?" ताई म्हणाली हो. "आणि मुलीकडचे कुठले?" ताईने जिलबीचं ताट त्यांच्या हातातून घेतलं आणि म्हणाली, "मुलाकडचेच सगळे. तुम्ही पुऱ्या बघा." दोन तारे तरी का दिले असं वाटायला लागलंय.

कुणाला मेलबर्नमध्ये लग्न लावायचं असेल, कुणाचंही कुणाशी, तर या बाई घ्या. स्पीकर स्वतःचा न्या. आडनावात ळ, ण, ज्ञ असेल तर आधी रेकॉर्ड करून पाठवा, त्या घोटतात. फॉर्म भरताना एक वयस्कर माणूस जवळ बसवा ज्याला चष्मा लागतो, कारण त्यालाच चुका दिसतात. महिन्याची नोटीस धरून त्याच्या पुढे पंधरा दिवस हाती ठेवा. आणि कागद नोंदणीला चौदा दिवसांत जायला हवेत असा नियम आहे. बाईंनी सोमवारीच पाठवले.

नोंदणी कार्यालयाचा दाखला महिन्याभराने आला. भाच्याने फोटो पाठवला, मी मोठा करून रकाना रकाना तपासला. वर, वर. दोन्ही आयांची नावं, दोन्ही वडिलांची. डब्ल्यू जागेवर. मधलं नाव पूर्ण. मी तो फोटो दाजींना पाठवला, खाली काही लिहिलं नाही. निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर संध्याकाळी. फोनच केला त्यांनी, तब्येत वगैरे न विचारता.

"मुलाच्या जन्मगावापुढे नुसतं कराड लिहिलंय," म्हणाले. "जिल्हा कुठाय?"